‘उरक राहिला नाही’ म्हणजे नेमके काय?

‘डॉक्टर, माझी चपळता कमी झाली,’ अशी तक्रार घेऊन रुग्णालयात कोणी येत नाही. बाह्यरुग्ण विभागात ऐकू येणारी भाषा वेगळी असते. कोणी म्हणते, ‘पहिल्यासारखा उरक राहिला नाही.’ कोणी म्हणते, ‘पाय जड झालेत.’ ‘खाली बसलं की उठवत नाही’, ‘चप्पल पायातून निसटते’, ‘तोंड धुताना तोल जातो’, ‘शर्टाची बटणं लावायला फार वेळ लागतो’, अशी ही यादी लांबवता येईल. सोबत आलेल्या मुलाकडे किंवा सुनेकडे मात्र या सगळ्याचे एकच उत्तर तयार असते, ‘आता वय झालं त्यांचं.’

पुष्कळदा ते खरे असते, पण नेहमी नाही. वरची वाक्ये ऐकायला सारखी वाटली तरी त्यांतले प्रत्येक शरीराच्या निराळ्या भागाकडे बोट दाखवते. काहींच्या मागे साध्या गोळ्यांनी किंवा इंजेक्शनने सुधारणारा आजार असतो. तो वयाच्या खात्यावर मांडला की उपचाराची वेळ निघून जाते. म्हणून मंदावलेल्या माणसाचे शब्द नीट ऐकणे हा तपासणीचाच एक भाग आहे.

एक गुण, अनेक नावे

मराठीत या गुणासाठी शब्दांची चणचण नाही. चपळ, चटपटीत, लवचीक, काटक, तरतरीत, तडफदार, चुणचुणीत. ‘चपळ’ संस्कृतातल्या ‘चपल’वरून आला. ‘चपला’ म्हणजे वीज. संस्कृतात ‘चापल’ म्हणजे अस्थिरपणाही होतो, म्हणूनच गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांच्या यादीत ‘अचापल’ येते. मनाचे चापल्य दोष ठरले, तरी शरीराचे चापल्य गुणच मानले गेले.

हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सहज वापरतो, पण त्यांचे अर्थ एक नाहीत. लवचीक माणसाचे सांधे आणि स्नायू पूर्ण ताणले जातात. काटक माणूस न थकता खूप वेळ राबतो. तरतरीत माणसाचे लक्ष जागे असते. उरक असलेल्या बाईचे हात भराभर चालतात आणि कामाचा क्रम डोक्यात पक्का असतो. चपळ माणसाला मात्र यांतले बरेच काही एकाच क्षणी जमावे लागते. क्रीडाविज्ञानात २००६ मध्ये शेपर्ड आणि यंग या अभ्यासकांनी चपळतेची जी व्याख्या मांडली, ती आजही वापरली जाते. तिचा आशय असा की, बाहेरून एखादा इशारा मिळताच संपूर्ण शरीराची गती किंवा दिशा झटकन बदलणे म्हणजे चपळता. यात इशारा ओळखणेही आले. नुसता वेगाने पळणारा माणूस या व्याख्येत बसत नाही.

खो-खो पाहिलेल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. आठ खेळाडू उकिडवे बसलेले, तोंडे आळीपाळीने विरुद्ध दिशांना. पाठीवर थाप आणि कानावर ‘खो’ पडताच बसलेला खेळाडू उठतो, दिशा ठरवतो आणि सुटतो. कान, डोळे, निर्णय, मांड्यांची ताकद, घोट्यांची पकड आणि तोल एवढे सगळे क्षणार्धात एकत्र येते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी जिंकला, तो याच कौशल्याच्या जोरावर.

सत्तरीतल्या आजोबांना खो-खो खेळायचा नसतो. पण न्हाणीघरात पाय घसरला, उंबरठ्याला ठेच लागली किंवा मागून दुचाकीचा हॉर्न वाजला, की त्यांच्या शरीराला नेमके तेच करावे लागते. धोका ओळखायचा, दुसरा पाय पुढे टाकायचा, तोल सावरायचा. यासाठी एका सेकंदापेक्षाही कमी वेळ मिळतो. तेवढ्यात जमले तर ‘थोडक्यात वाचलो’, नाही जमले तर खुब्याचे हाड मोडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात. त्यांतली ८० टक्क्यांहून अधिक माणसे कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली असतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्ते अपघातांखालोखाल पडण्याचाच क्रमांक लागतो.

वय काय नेते, काय नेत नाही

स्नायूंत ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात. सावकाश काम करणारे पण न थकणारे, आणि झटक्यात जोर लावणारे पण लवकर थकणारे. उभे राहणे, रमतगमत चालणे ही कामे पहिल्या प्रकारचे तंतू करतात. ठेच लागल्यावर पाय झटकन पुढे टाकायला दुसऱ्या प्रकारचे लागतात. वय वाढते तसे हे झटक्याचे तंतू अधिक बारीक होतात. त्यामुळे ताकदीपेक्षा झटका आधी आणि अधिक वेगाने ओसरतो. रोज तासभर फिरणारे आजोबा बसमधून उतरताना कचरतात, ते यामुळे. वयानुसार होणाऱ्या स्नायूंच्या या झिजेला १९८९ मध्ये अमेरिकेतील डॉ. आयर्विन रोझेनबर्ग यांनी ‘सार्कोपेनिया’ हे नाव सुचवले. ग्रीक भाषेतून घेतलेल्या या नावाचा अर्थ ‘मांसाची उणीव’ असा होतो.

याखेरीज नजर मंदावते, अंतर्कर्णातील तोल सांभाळणारी यंत्रणा थोडी बोथट होते, मज्जातंतूंतून संदेश किंचित सावकाश जातात. हे सगळे वयाचे देणे आहे. पण वयाच्या कामाची एक रीत असते. ते वर्षानुवर्षे हळूहळू होते आणि शरीराच्या दोन्ही बाजूंना साधारण सारखेच होते. म्हातारपण महिन्याभरात येत नाही. ते फक्त उजव्या हाताला किंवा डाव्या पायालाही येत नाही. दिवाळीपर्यंत जिना चढणारा माणूस संक्रांतीला कठड्याला धरून चढू लागला, तर कारण वय नाही, आजार आहे, असे समजूनच शोध घ्यायला हवा.

तक्रारीचे शब्द आणि त्यांचे पत्ते

‘चप्पल निसटते.’ भारतातील डॉक्टरांना हा फार उपयोगी पडणारा प्रश्न आहे: चप्पल निसटली हे तुम्हाला कळते का? कळत असेल, पण बोटांनी धरून ठेवता येत नसेल, तर पावलाचे स्नायू कमजोर झाले असण्याची शक्यता असते. चार पावले पुढे गेल्यावर खाली बघून कळत असेल, तर पावलाची संवेदनाच गेलेली असू शकते. दीर्घकाळचा मधुमेह हे याचे नेहमीचे कारण.

‘तोंड धुताना तोल जातो.’ चेहऱ्यावर पाणी मारताना डोळे मिटतात. पाय कुठे आहेत हे पावलांनी आणि सांध्यांनी मेंदूला कळवायचे असते. ते कळवणे बंद पडले की माणूस डोळ्यांच्या भरवशावर उभा राहतो आणि डोळे मिटताच डोलतो. अंधारात चालताना भिंत धरावी लागते, तीही याच कारणाने. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता येथे आवर्जून तपासावी. हे जीवनसत्त्व प्राणिजन्य पदार्थांतूनच मिळते. शाकाहारात दूध-दही हाच त्याचा मुख्य आधार असतो आणि अनेकांना तो पुरत नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्तासाठी ओमेप्राझोलसारख्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांतही ते कमी होऊ शकते. लवकर उपचार झाले तर माणूस चांगला सुधारतो. फार उशीर झाला तर मज्जारज्जूची इजा कायमची राहते.

‘खाली बसलं की उठवत नाही.’ पाट, भारतीय पद्धतीचा संडास, देवघरासमोरची बैठक, या जागी ही अडचण आधी लक्षात येते. गुडघे दुखत असतील तर कारण सांध्यांत आहे. दुखत नसूनही हाताने मांडीवर रेटा द्यावा लागत असेल, वरच्या फळीवरचा डबा काढणेही जड जात असेल, तर कंबर, मांड्या आणि खांद्यांचे स्नायू दुबळे झाले आहेत. ड जीवनसत्त्वाची मोठी कमतरता, थायरॉइडचे विकार, काही औषधे आणि स्नायूंचे आजार ही त्याची कारणे. उन्हात न जाणाऱ्या, घरातच वावरणाऱ्या ज्येष्ठ स्त्रियांत ड जीवनसत्त्वाचा विचार अवश्य व्हावा. मात्र त्याच्या जास्त मात्रेच्या गोळ्या आपल्या मनाने महिनोन्‌महिने घेणे धोक्याचे असते.

‘उरक राहिला नाही.’ ताकद आहे, दुखत काही नाही, पण प्रत्येक काम रेंगाळते. बटणे, पोळी लाटणे, दाढी, सही. अक्षर बारीक होत जाते. चालताना एक हात हलत नाही. आवाज खाली जातो, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात. हे वर्णन कंपवाताचे असू शकते. १८१७ मध्ये जेम्स पार्किन्सन यांनी या आजारावर निबंध लिहिला, तेव्हापासून लोकांच्या मनात त्याची ओळख थरथरत्या हाताने आहे. प्रत्यक्षात निदानासाठी हालचालींची मंदता आवश्यक मानली जाते आणि काही रुग्णांत थरथर नसतेच. ‘हात थरथरत नाहीत, म्हणजे कंपवात नाही’ असा निष्कर्ष घरच्या घरी काढू नये.

याच तक्रारीचे आणखी एक कारण औषधांच्या पिशवीत सापडते. चक्कर येते म्हणून सुरू झालेल्या सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिनच्या गोळ्या, पोट फुगते म्हणून घेतलेले लेव्होसल्पिराइड, उलटीसाठीचे मेटोक्लोप्रामाइड ही औषधे थोडे दिवस घेण्यासाठी असतात. जुन्या चिठ्ठीवर महिनोन्‌महिने घेतली गेली तर ज्येष्ठांत हुबेहूब कंपवातासारखी मंदता येऊ शकते. औषध थांबवल्यावर ती बहुधा हळूहळू ओसरते. झोपेच्या आणि सर्दीच्या काही गोळ्यांनीही सुस्ती येऊन तोल बिघडतो. म्हणून तपासणीला जाताना सगळ्या गोळ्या, अगदी आयुर्वेदिक आणि शेजाऱ्यांनी सुचवलेल्याही, सोबत न्याव्यात. मात्र कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

‘पाय जड झालेत.’ हा शब्द सगळ्यांत फसवा. ठरावीक अंतर चालल्यावर पोटऱ्या भरून येतात आणि थांबले की बरे वाटते, असे असेल तर पायांच्या रक्तवाहिन्या तपासाव्या लागतात. पाय ताठ होत असतील आणि त्याबरोबर हातांची बोटे बारीक कामात अडखळत असतील, तर मानेच्या मणक्यांत मज्जारज्जू दाबला गेला असू शकतो. यात मान दुखेलच असे नाही. पाय जमिनीला चिकटल्यासारखे उचलत नसतील आणि त्याबरोबर विसरभोळेपणा व लघवीवरचा ताबा सुटणे असेल, तर मेंदूतील पाणी साठण्याचा एक विकार शोधावा लागतो. योग्य रुग्णाला त्यात शस्त्रक्रियेचा फायदा होतो. अंगच जड, थंडी सोसत नाही, बद्धकोष्ठ, आवाज घोगरा असे असेल तर टीएसएच ही थायरॉइडची साधी रक्ततपासणी पुष्कळ सांगून जाते.

‘उठलं की अंधारी येते.’ आडवे असताना आणि उभे राहिल्यावर असा दोनदा रक्तदाब मोजला की कारण अनेकदा हाती लागते. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांचा हा परिणाम असू शकतो. मात्रा किंवा वेळ बदलून तो कमी करता येतो.

थांबू नये, अशा वेळा

एका बाजूचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, तर तो पक्षाघात समजून तातडीने मोठ्या रुग्णालयात न्यावे. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. डोक्याला मार लागल्यावर काही आठवड्यांनी माणूस सुस्त, मंद किंवा गोंधळलेला वाटू लागला, तर मेंदूवर सावकाश साठणाऱ्या रक्ताची शंका घ्यावी. मार किरकोळ असला तरीही. पायांची कमजोरी आणि त्याबरोबर लघवी अडणे किंवा सुटणे हीसुद्धा तातडीची खूण आहे.

घरी करता येण्याजोगी पारख

तीन चाचण्यांना उपकरण लागत नाही. शेजारी आधाराला माणूस मात्र असावा.

पहिली, खुर्चीची. भिंतीला टेकवलेल्या, हात नसलेल्या खुर्चीवर बसून हात छातीवर दुमडायचे आणि अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजायचे. सीडीसी या अमेरिकी संस्थेच्या निकषांनुसार ६५ ते ६९ वयाच्या पुरुषाला १२ पेक्षा कमी आणि स्त्रीला ११ पेक्षा कमी वेळा जमले, तर पडण्याचा धोका अधिक समजतात.

दुसरी, तीन मीटरची. खुर्चीवरून उठून नेहमीच्या चालीने तीन मीटर जायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. याला १२ सेकंद किंवा अधिक लागले तर डॉक्टरांशी बोलावे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेली ही चाचणी आजही जगभर वापरली जाते.

तिसरी, एका पायावर दहा सेकंद उभे राहण्याची. ब्राझीलमधील डॉ. क्लॉडिओ जिल अराउजो आणि सहकाऱ्यांनी ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ व्यक्तींचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. सुमारे पाचांतील एकाला हे जमले नाही आणि पुढील वर्षांत त्या गटात मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. एका पायावर उभे न राहता येणे हे मृत्यूचे कारण नसते. शरीरात आणखी काही बिघडत असल्याचे ते एक चिन्ह असू शकते.

चौथी पारख नुसती बघण्याची. चालताना बोलायला लागले की आजी थांबतात का? स्वीडनमधील संशोधकांनी १९९७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये नोंदवले होते की, बोलण्यासाठी चालणे थांबवणारे ज्येष्ठ पुढे पडण्याची शक्यता अधिक असते. ज्याला चालण्यासाठीच सगळे लक्ष खर्चावे लागते, त्याच्याकडे ठेच सावरायला लक्ष उरत नाही.

गेलेले परत मिळते का?

आजार सापडला तर आधी त्यावर उपचार. आणि कारण खरोखरच वय असेल, तरी हात टेकायचे कारण नाही. १९९० मध्ये अमेरिकेत नव्वदीच्या आसपासच्या, वृद्धाश्रमात राहणाऱ्या दहा अशक्त व्यक्तींना आठ आठवडे पायांचे वजनी व्यायाम देण्यात आले. ज्या नऊ जणांनी ते पूर्ण केले, त्यांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात १०८ चाचण्यांमधील २३ हजारांहून अधिक ज्येष्ठांची माहिती एकत्र केली, तेव्हा व्यायामाने पडण्याचे प्रमाण २३ टक्क्यांनी कमी होते असे दिसले. तोलाचे आणि ताकदीचे व्यायाम एकत्र केले तर फायदा याहूनही जास्त दिसला. नुसत्या चालण्याने पडणे टळते, याचा मात्र पुरेसा पुरावा त्यात मिळाला नाही. चालणे हृदयासाठी, साखरेसाठी, मनासाठी उत्तमच. पण सरळ रस्त्यावर एकाच गतीने चालताना झटक्याच्या तंतूंना आणि तोलाच्या यंत्रणेला फारसे काम मिळत नाही.

ते काम घरात देता येते. खुर्चीवरून झटकन उठायचे आणि सावकाश बसायचे. स्वयंपाकघरात ओट्याला धरून टाचा उचलायच्या. भिंतीलगत एका पावलापुढे दुसरे टेकवत चालायचे, बाजूला पावले टाकायची. जमू लागले की नातवाबरोबर चेंडू झेलायचा. तो कुठे येणार हे आधी माहीत नसते, त्यामुळे डोळे, निर्णय आणि पाय एकत्र कामाला लागतात. तोल आणि ताकदीचे असे व्यायाम आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस करावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. हृदयविकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, हाडांचा ठिसूळपणा असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. जेवणात डाळी, उसळी, दूध-दही, चालत असल्यास अंडी हवीत. चहा-पोळी किंवा चहा-बिस्किटांवर काढलेल्या दिवसांतून स्नायू घडत नाहीत.

घरालाही थोडे बदलावे लागते. मोरीत आणि संडासात धरायला दांडी, न घसरणारी फरशी, रात्री जाण्याच्या वाटेवर छोटा दिवा, पायात मागे पट्टा असलेली चप्पल, मोतीबिंदूची वेळेवर शस्त्रक्रिया. यात खर्च थोडा असतो. खुब्याच्या शस्त्रक्रियेशी तुलना केली तर नगण्यच.

शेवटी राहते ते डॉक्टरांशी बोलणे. ‘आई हल्ली मंदावली आहे’ एवढ्यावर थांबू नये. नेमके काय जमत नाही, कधीपासून, एका बाजूला की दोन्ही, उजेडात की अंधारात, बसताना की उठताना, हे घरातून निघतानाच कागदावर लिहून घ्यावे. ‘चप्पल निसटते आणि तिला कळत नाही’ हे आईच्या भाषेतले वाक्य तसेच्या तसे सांगावे. त्याचे ‘अशक्तपणा’ असे भाषांतर करून सांगितले, तर हाती बहुधा टॉनिकची बाटली येईल आणि खरे कारण तसेच मागे राहील.